शिशीतलं पाणी

ताजी लघवी कोमट असते. शिशी हातात घेतली की तळव्याला लगेच कळतं. फराळाचं ताट शेजारी ठेवून हा अंक वाचणाऱ्यांची आधीच माफी मागते, पण मी बत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात प्रयोगशाळा तंत्रज्ञ होते आणि माझ्याजवळ सांगण्यासारखं आहे ते एवढंच. रक्त, लघवी, थुंकी. ज्यांना मोठ्या डॉक्टरांच्या मोठ्या आठवणी हव्यात त्यांनी चार पानं पुढे जावं, मला वाईट वाटणार नाही.

दवाखाना भंडारा जिल्ह्यातलाच, चारी बाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, असलेला. त्याचं नाव लिहीत नाही, कारण यातली चूक माझी आहे, इमारतीची नाही. मला एका शिशीबद्दल लिहायचं आहे. ती शिशी थंड होती. ती थंड आहे हे मला हातात घेताक्षणी कळलं आणि त्याचा अर्थ कळायला चार दिवस लागले. तेवढ्या दिवसांत एका बाईचं व्हायचं ते होऊन गेलं.

लोक मला तोंडावर मेश्राम मॅडम म्हणत आणि मागे शिशीवाली बाई. मला राग यायचा नाही. धंद्यावरून नाव पडणं म्हणजे धंदा नीट केला असं मी समजायची. आमच्या खिडकीला एक गंमत होती. लघवीची शिशी कोणी नुसती हातात धरून आणत नाही. बायका पदराखाली आणतात, पुरुष खिशात, शिकलेले लोक वर्तमानपत्रात गुंडाळून. एका गृहस्थांनी मिठाईच्या डब्यात घालून आणली होती. मुलगा पास झाला असेल म्हणून मी हसून हात पुढे केला आणि त्यांचा चेहरा बघून मागे घेतला. एक म्हातारे बाबा दारूच्या मोठ्या बाटलीत काठोकाठ भरून घेऊन आले. मी म्हटलं, बाबा, एवढी कशाला? तर म्हणाले, "कमी पडाले नाई पायजे मॅडम. सरकारी काम हाय."

पंधरा-वीस वर्षं गेल्यावर मला वरचं नाव न वाचता माणूस ओळखता यायला लागला. खुर्चीत बसणाऱ्याची लघवी लिंबाच्या सरबतासारखी, कधी अगदी पाण्यासारखी. वीटभट्टीवरच्या माणसाची मोहरीच्या तेलासारखी. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडणाऱ्यांची कोऱ्या चहासारखी, तीही शिशीत जेमतेम बोटभर. हा रंग म्हणजे काही जादू नाही. घरी नळ कमी आला की आपण चार भांडी कमी पाण्यात विसळतो. खरकटं तेवढंच असतं, पाणी मात्र गढूळ होतं. मूत्रपिंडं तेच करतात. रक्तातली घाण तर रोजची बाहेर काढायचीच असते. पाणी प्यायलं नाही की ती थोडक्यात भागवतात, अंगातलं पाणी धरून ठेवतात आणि जे बाहेर टाकतात ते दाट, गडद, उग्र वासाचं असतं. एखाद दिवस हे चालून जातं. वर्षानुवर्षं चाललं की दाट लघवीत खडे बसतात, जंतू मुक्काम करतात, जळजळ होते. आमच्याकडे त्या जळजळीला उन्हाळी लागली म्हणतात आणि नाव असं असल्यामुळे ती उन्हाळ्यातच लागते अशी लोकांची समजूत आहे. माझ्या सूक्ष्मदर्शकाखाली सर्वांत जास्त उन्हाळी आषाढ-श्रावणात दिसायची. का, ते पुढे सांगते.

तुमसर-आंबागडच्या रस्त्यावर चालणारे एक एसटी कंडक्टर होते. त्यांचा खडा पडला तो त्यांनी माचिसच्या डबीत ठेवून मला दाखवायला आणला. मी म्हटलं, पाणी का पीत नाही तुम्ही? ते म्हणाले, "गाडीत पन्नास बायामानसं, मॅडम. गाडी थांबवून मानूस उतरन कोठी? म्हनून सकाळी च्या घेतला की पानी बंद." मग डबी खिशात घालत त्यांनी गंभीरपणे विचारलं, "हा ड्यूटीवर पडला. याची रजा भेटन का?" मी पोट धरून हसले. हसणं मला लवकर यायचं. माझ्या जिभेला धार होती आणि रांगेतल्या लोकांना ती आवडायची. सकाळपासून ताटकळलेल्या माणसांना कोणाची तरी फजिती झालेली बघून बरं वाटतं. त्यांना हसवणं हा माझ्या कामाचाच भाग आहे असं मी धरून चालले होते.

रक्ताबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण पुढे ते लागेल. अंगात पाणी कमी झालं की शीर चपटी होते, सुई टोचली तरी सापडत नाही. सापडली तर रक्त सावकाश येतं, गडद असतं. ते पातळ राहिलेलं नसतं. आणि एक फसवणूक अशी की अशा माणसाचं हिमोग्लोबिन तपासलं तर ते वाढलेलं दिसतं. प्रत्यक्षात काही वाढलेलं नसतं. वरण आटवलं की डाळ जास्त वाटते, तसं ते आहे. हे मला शिकवलेलं होतं. परीक्षेत यावर प्रश्न आला होता आणि मी त्याचं बरोबर उत्तर लिहिलं होतं.

आता माझ्याबद्दल. मी स्वतः कामावर पाणी पीत नव्हते. प्रयोगशाळेच्या जवळ बायकांचा संडास नव्हता. जो होता तो बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीतून पार पलीकडे, त्याची कडी तुटलेली, एकीने आत जायचं तर दुसरीने दार धरून उभं राहायचं. मी सकाळी अर्धा कप चहा घ्यायची आणि मग दुपारी दोनला घरी जाईपर्यंत काहीही नाही. डोकं दुखायचं, तोंडाला कोरड पडायची, पण याचा मला अभिमान होता. बाकीच्या सिस्टरना सांगायची, सवय लावून घ्या, मला बघा. लोकांना दिवसभर पाणी प्या म्हणून सांगणारी बाई खिडकीच्या आत तहानलेली बसलेली असायची. आता माझ्या पोटात दोन खडे आहेत. कंडक्टरसाहेब कुठे असतील त्यांना कळवायला हवं.

ही सवय मला आईने लावली. माझं माहेर आंधळगावचं. आमच्या मोहल्ल्यातल्या बहुतेक बाया लोकांच्या बांधीत रोवणीला जायच्या, आईही जायची आणि दहावीपर्यंत मीही गेले. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते. रोवणी म्हणजे धानाची लावणी. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, मुठीत धरायची आणि चिखलात वाकून, एकेक पाऊल मागे सरकत लावत जायची. प्रत्येकीची एक पात असते. बायका एका रांगेत मागे सरकतात आणि समोर हिरवं होत जातं. एखादी मध्येच उठली की तिची पात तेवढी उघडी राहते, बाकीच्या दूर निघून जातात आणि परत आल्यावर तिला एकटीने भरून काढावं लागतं. काम गुत्त्याचं असलं, म्हणजे ठरवून अंगावर घेतलेलं, तर थांबायचा प्रश्नच नाही. आणि लघवीला उठून जाणार कुठे? सगळीकडे पाणी, दूरवर एक झुडूप नाही, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पुरुष माणसं. अंगावर प्लास्टिकचा कागद गुंडाळलेला, पाऊस उघडला की आतल्या आत घामाची अंघोळ. घोटा बुडेल एवढ्या पाण्यात दिवसभर उभं राहायचं आणि घोटभर पाणी पोटात जाऊ द्यायचं नाही.

लहानपणी एकदा मी धुऱ्यावरच्या कळशीला हात लावला तेव्हा आईने वाकल्या वाकल्या ओरडून विचारलं होतं, "पानी कायले पेतं वं? मंग बसशील कोठी?"

मी कळशी खाली ठेवली. इतक्या वर्षांत मी त्या प्रश्नाचा कधी विचार केला नाही. तो मला नियमासारखा वाटायचा. पुढे शिकले, नोकरी लागली, पांढरा कोट आला. बांधीतून बाहेर पडलेल्या माणसाला बांधी विसरायची घाई असते. मला होती.

पंचफुला आली तो आषाढातला सोमवार होता. माझ्या निवृत्तीला दोन पावसाळे राहिले होते. अडतीस-चाळीसची बाई, काळीसावळी, हडकुळी, हातांची बोटं चिखलाने पांढरी पडून सुरकुतलेली. रोवणीच्या बायकांची बोटं लपत नाहीत. उलट्या होतात, पोटात काही टिकत नाही, चक्कर येते, कंबर मोडते, एवढं तिने डॉक्टरांना सांगितलं होतं. आमचे डॉक्टर तरुण होते आणि त्यांच्यासमोर रांग दरवाजाबाहेर गेलेली. त्यांनी दोन तपासण्या लिहून माझ्याकडे पाठवलं. हिमोग्लोबिन आणि लघवी.

"लवकर करा बाई," ती म्हणाली. "आटो उभा हाय. बायका बांधीत जाऊन राहिल्या."

मी दंडाला रबर बांधलं. शीर सापडेना. एकदा टोचलं, दुसऱ्यांदा टोचलं, तिसऱ्यांदा मनगटाजवळ जेमतेम सापडली. रक्त सिरिंजमध्ये थेंबाथेंबाने यायला लागलं. मी म्हटलं, "रक्त बी कंजुसी करून राहिलं का वं तुझं?" मागचे दोघेतिघे हसले. तीही हसली. ओठ सुकून चिरलेले होते, हसताना तिने ते हाताने झाकले.

तिच्याजवळ एक जुनं कार्ड होतं. संक्रांतीच्या सुमारास गावात शिबिर झालं होतं, त्यात तिचं हिमोग्लोबिन साडेआठ लिहिलेलं आणि रक्तवाढीच्या गोळ्या दिलेल्या. माझ्या तपासणीत साडेदहा आलं. मी खूश झाले. "वा! गोळ्या बराबर घेतल्या वाटते!" म्हटलं. तिने मान हलवली. आमच्याकडची माणसं पांढऱ्या कोटापुढे कशालाही मान हलवतात हे मला माहीत होतं. तिने एकही गोळी घेतलेली नव्हती हे नंतर कळलं. ते साडेदहा म्हणजे आटवलेलं वरण होतं. तीन वेळा टोचून मिळालेलं गडद रक्त, चिरलेले ओठ आणि वाढलेला आकडा, सगळं माझ्या टेबलावर एकाच वेळी मांडलेलं होतं आणि मी शाबासकी देत होते.

मग शिशी दिली. ती गेली आणि बराच वेळ आली नाही. बाहेरून ऑटोवाल्याचा हॉर्न दोनदा वाजला. परत आली तेव्हा शिशी पदराखाली होती. मी हातात घेतली. थंड होती आणि आत काचेसारखं स्वच्छ.

हा प्रकार माझ्यासाठी नवा नव्हता. नोकरीच्या तपासणीला आलेली पोरं कधी पाणी मिसळत, कधी भावाची लघवी आणत. कोणी कंटाळा करायचं, कोणी घाण वाटते म्हणून टाळायचं. असे चोर पकडण्यात माझा हातखंडा होता. मी शिशी सगळ्यांना दिसेल अशी उजेडात धरली.

"हे काय हाय?"

"लघवी," ती खाली बघून म्हणाली.

"काय वं, ही तपासनी तुझी कराची हाय का नळयोजनेची?"

रांग खदखदून हसली. मागून एक जण म्हणाला, "नळाले कावीळ झाली असन मॅडम!" पुन्हा हसणं झालं. पंचफुलाने पदर कपाळावर ओढला. ती काहीतरी बोलायला गेली असं मला आठवतं, पण खरंच गेली होती की माझं मन नंतर तसं दाखवतं हे आज सांगता येत नाही. ती एवढंच म्हणाली, "उद्या आनतो बाई."

मी तिला दुसरी कोरी शिशी दिली. "सकाळची पहिली आन. नळाची नको." कागदावर लिहिलं, नमुना अयोग्य, पुन्हा पाठवणे. डॉक्टरांनी उलटीच्या गोळ्या आणि मीठ-साखरेची पाकिटं लिहून दिली, लघवीचा अहवाल उद्या बघू म्हणाले. दुपारी हा किस्सा मी सिस्टरना रंगवून सांगितला.

मंगळवारी ती आली नाही. बुधवारीही नाही. माझ्या डोक्यातूनही गेली.

शुक्रवारी तिला चार बायांनी उचलून आणलं. चेहरा सुजलेला, डोळे मिटलेले, श्वास घेताना खांदे वर जात होते. डॉक्टरांनी या वेळी रक्तातल्या घाणीची तपासणी सांगितली, ज्यावरून मूत्रपिंडं काम करतात की नाही ते कळतं. यंत्रावर जो आकडा आला तो बघून मला यंत्र बिघडलं असं वाटलं. पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं. आकडा तोच.

डॉक्टर तिच्या सोबतच्या बाईला विचारत होते, लघवी कधीपासून नाही?

ती बाई म्हणाली, "इतवारपासून नाई साहेब. सोमवारी इथंच तर शिशी देल्ली होती. तवाबी आली नाई. बिचारी बसून बसून थकली, आटोवाला बोंबलून राहिला होता. रिकामी शिशी देवाले लाज वाटली, म्हनून नळाचं पानी भरलं. मंग लोक हासले तं दुसऱ्या रोजी आलीच नाई. बांधीत गेली."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "मॅडम, सोमवारी नमुना आला होता?"

"अयोग्य होता," मी म्हणाले.

शब्द बरोबर होता. नियमाला धरून होता. मी तो उच्चारला तेव्हा कुठे मला कळलं. तिच्याजवळ द्यायला लघवी नव्हती, हीच तिची तपासणी होती. त्यापेक्षा स्पष्ट नमुना मला बत्तीस वर्षांत कोणी आणून दिला नव्हता. ते मी उजेडात धरून लोकांना हसवलं होतं.

तिला गाडीत घालून भंडाऱ्याला आणि तिथून नागपूरला नेलं. पुढचं सगळं मला दुसऱ्यांकडून कळलं. कंबर दुखते म्हणून ती रोवणीच्या दिवसांत किराणा दुकानातली दर्दची गोळी सकाळ-संध्याकाळ खात होती, तीही वर्षानुवर्षं. अंगात पाणी नसताना ही गोळी मूत्रपिंडांना फार महागात पडते. त्यांच्याकडे येणारं रक्त आधीच कमी झालेलं असतं, गोळी ते आणखी आवळते. पाकिटातलं मीठ-साखरेचं पाणी तिने सोमवारी संध्याकाळी घरी थोडं प्यायलं, ते उलटून पडलं. मंगळवार ते गुरुवार ती बांधीत होती. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की हे एका आठवड्याचं काम नाही, मूत्रपिंडं कित्येक वर्षांपासून आकसत आली होती, या रोवणीने शेवटचा धक्का दिला.

हे वाक्य मी कितीतरी दिवस उराशी धरून बसले. एका आठवड्याचं काम नाही. मग माझ्या चार दिवसांचं काय ते? सोमवारीच सलाइन लागलं असतं, गोळ्या बंद झाल्या असत्या, तर थोडंफार वाचलं असतं का? मी दोन डॉक्टरांना आडून आडून विचारलं. एक म्हणाले, कदाचित. दुसरे म्हणाले, कदाचित नाही. त्यापुढे मी कोणाला विचारलं नाही.

पंचफुला वाचली, पण तिचं रक्त आता यंत्रावर धुवावं लागायचं. आठवड्यातून दोनदा बसने भंडाऱ्याला जायची. मी तिला टाळलं. आमच्या दवाखान्यात ती कधी आली तर मी आतल्या खोलीत काहीतरी शोधत बसायची. अशीच निवृत्त झाले, शाल-श्रीफळ घेतलं, माझ्या हसतमुख स्वभावाबद्दल चार भाषणं ऐकली.

पुढच्या चैत्रात ती मला भंडाऱ्याच्या बसस्टँडवर भेटली. मी तोंड फिरवायच्या आत तिनेच हाक मारली. यंत्रासाठी केलेल्या जोडामुळे हाताची शीर दोरखंडासारखी फुगलेली, रंग राखेसारखा झालेला. "घरी या ना बाई एकांदी वेळेस," म्हणाली. माझ्या तोंडून हो निघून गेलं, आणि गेलं म्हणून मला जावं लागलं.

तिचं घर तलावाच्या पलीकडच्या गावात, दोन खोल्यांचं. नवरा गवंडीकामाला गेला होता. मुलगी आरती, एकोणीस-वीस वर्षांची, तिने मला खाट टाकून दिली आणि माठातलं पाणी पेला भरून आणलं. बाहेर ऊन असं होतं की मी ते एका दमात प्यायला लागले. अर्ध्यावर माझं लक्ष गेलं. पंचफुला माझ्या गळ्याकडे बघत होती. पाणी खाली उतरताना गळा हलतो ना, त्याकडे. मला पुढचा घोट गिळवेना, आणि पेला खाली ठेवायलाही जमेना.

"प्या बाई, प्या," ती म्हणाली. "मले बंदी हाय. डाक्टरनं सांगतलं, दिवसभरात दोन गिलास. त्यातच च्या, त्यातच वरनाचं पानी. जास्ती झालं का अंगात भरते, दम लागते." मग हसली. "पयले पानी होतं तं पेली नाई. आता पेवाशी वाटते तं भेटत नाई."

तिने उठून फळीवरून एक छोटी शिशी काढली. प्लास्टिकची, पांढऱ्या झाकणाची. मी असल्या हजारो हाताळल्या आहेत. माठातून तिने ती रेघेपर्यंत भरली, डोळ्यांसमोर धरून रेघ बघितली, दोन घोटांत प्यायली. शेवटचा घोट तिने गिळला नाही, तोंडात धरून ठेवला.

थोड्या वेळाने म्हणाली, "वळखली का? तुमचीच हाय. दुसरी देल्ली होती ना तुमी. वापस कराची राहूनच गेली. मोजाले बराबर हाय, एका वेळेस एक."

मी खूप काही ठरवून गेले होते. म्हटलं, "पंचफुला, त्या दिवशी मी तुले सगळ्याइच्या समोर बोलली. माहं चुकलं."

"बोलल्याचं काई नाई बाई. लोक हासले तं हासू द्या." ती शिशीचं झाकण लावत होती, अगदी घट्ट, एक थेंबही वाया जाऊ नये असं. "मले वाटलं होतं तुमी विचाराल."

"काय?"

"काहून भरलं म्हून."

आमच्या छापील कागदावर लघवीचा रंग लिहायला जागा आहे. वास, गढूळपणा, साखर, प्रथिनं, पेशी, खडे, सगळ्याला जागा आहे. काहून, म्हणजे का, हे लिहायला जागा नाही. पण मी काही कागद नव्हते. मी रोवणीवालीची मुलगी होते. त्या रांगेत तिला काय झालं असेल हे ओळखू शकणारं एकच माणूस होतं आणि ते खिडकीच्या आत बसलं होतं. पेल्यात उरलेलं पाणी मी तिच्यासमोर पिऊ शकले नाही, आणि ते मोरीत ओतायचीही हिंमत झाली नाही. ते तसंच ठेवून उठले.

पंचफुला त्याच वर्षी, धान कापणीला आलं तेव्हा गेली. मी मयताला गेले. फळीवर शिशी होती की नाही ते मी बघितलं नाही.

यंदा आषाढात मी सकाळी चौकात दूध आणायला गेले होते. रोवणीच्या बायांचा ऑटो उभा होता, बारा-तेरा जणी कोंबून बसलेल्या, मांडीवर डबे आणि प्लास्टिकचे कागद. काठाला आरती होती. आईचंच नाक, आईचाच हडकुळा चेहरा. तिने मला नमस्कार केला. तिच्या पायाशी थंड पेयाची मोठी बाटली होती, पाण्याने काठोकाठ भरलेली.

"पानी घेतलं, चांगलं केलं," मी म्हटलं.

"घेतो ना मॅडम. रोजच घेतो."

आधीची मी असते तर एवढ्यावर समाधानाने पुढे गेले असते. मी विचारलं, "पेतेस का पन?"

बाकीच्या बाया एकमेकींकडे बघून हसल्या. आरती हसली नाही. तिने मान हलवली, नाही म्हणून.

"काहून?" मी विचारलं.

तिने आश्चर्याने माझ्याकडे बघितलं. एवढं शिकलेल्या, केस पिकलेल्या बाईला हे माहीत कसं नाही, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

"पेलं तं बसू कोठी, मॅडम?"

ती खरंच विचारत होती. बाकीच्या बायाही हसायच्या थांबल्या आणि माझ्याकडे बघू लागल्या, जणू मी काहीतरी सांगेन. आईने विचारलं तेव्हा मी सात-आठ वर्षांची होते आणि मला उत्तर माहीत नव्हतं. मी दुधाची पिशवी हातात घेऊन उभी राहिले. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला आणि ऑटो बांधीकडे निघून गेला.